फसफसणारी बाटली आणि गप्प झालेली बरणी

समजा, तुमच्यासमोर घरी आंबवलेल्या बिअरच्या बारा बाटल्या आहेत. पहिलीचं बूच काढलं आणि निम्मी बिअर फेस होऊन टेबलावर आली. का? बहुतेक जण एका दमात सांगतात, "साखर जास्त झाली असणार." हे उत्तर बरोबरही असू शकेल. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर उत्तराआधी मला तुमच्याकडून एक प्रश्न हवा आहे: उरलेल्या अकरा बाटल्यांचं काय?

एकच बाटली फसफसली असेल तर दोष त्या बाटलीत शोधायचा. नीट न धुतलेला तळ, मागच्या वेळचा चिकटलेला साका, किंवा पूड साखर थेट बाटलीत घालताना एखादीत पडलेला जादा चमचा. बाराही फसफसल्या तर बाटल्या निर्दोष. जे काही घडलं ते त्या आधी, मोठ्या भांड्यात घडलंय. आणि पहिल्या आठवड्यात शांत असलेल्या बाटल्या दोन महिन्यांनी उसळू लागल्या, तर ती आणखी तिसरीच गोष्ट. लक्षण एकच, फेस. पण किती बाटल्यांत आणि कधी, एवढं विचारलं तरी निम्मे संशयित बाहेर पडतात.

आधी एक खुलासा करते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ही पाककृती नव्हे. माझा प्रबंध मोजमापाच्या साधनांच्या इतिहासावर आहे. त्यातलं एक प्रकरण उसाच्या पट्ट्यातल्या, म्हणजे आष्टा-इस्लामपूर-वाळवा भागातल्या आंबवणावर लिहायचं चाललंय. तिथे बिअर कमी आणि गूळ फार. पण बंद बाटलीतल्या फेसाचं कारण शोधायला माणसं कशी शिकली, हा इतिहास बिअरवाल्यांनी आणि वाइनवाल्यांनी जास्त लिहून ठेवलाय. म्हणून तिथून सुरुवात.

हिशेब सोपा आहे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड मागे ठेवतं, वजनाने जवळपास निम्मं-निम्मं. एका लिटरमध्ये 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. उघड्या भांड्यातून तो निघून जातो, बुचाखाली मात्र द्रवात विरघळून वाट बघत बसतो. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरमागे अडीच लिटरच्या आसपास वायू असतो. त्यातला पाऊण लिटर आंबवण संपल्यावरही आत उरलेलाच असतो. बाकीच्यासाठी बाटली भरताना लिटरमागे 6-7 ग्रॅम साखर पुरते. तीच साखर चुकून 14 ग्रॅम पडली की पुढचं तुम्हीच मोजा.

हा हिशेब आज सोपा वाटतो. फ्रान्सच्या शँपेन भागात तो जमेपर्यंत कामगार तळघरात उतरताना तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवत. एक बाटली फुटली की तिच्या काचांनी शेजारची फुटायची, आणि डोळा जाण्याची भीती खरी होती. वाइनमध्ये बाटली भरताना मुळातली किती साखर शिल्लक आहे हे कुणाला नेमकं कळत नसे. वरून आणखी साखर घालायची ती अंदाजाने. 1836 मध्ये शालों गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने शिल्लक साखर मोजून मग किती घालायची ते ठरवण्याची पद्धत मांडली. पुढे तिथे नियमच झाला: लिटरमागे 4 ग्रॅम साखर म्हणजे एक वातावरण दाब. शँपेनला साधारण 6 वातावरण दाब हवा, म्हणून 24 ग्रॅम. हे सोडवणारा माणूस वाइनवाला नव्हता, तराजू हाताशी असलेला औषधवाला होता. हे मला फार आवडतं.

बिअरवाल्यांकडे शिल्लक साखर मोजायचं साधन आधीपासून होतं. काचेचा किंवा पितळेचा तरंगणारा दांडा, म्हणजे हायड्रोमीटर. द्रवात साखर जास्त तर दांडा वर राहतो, साखर संपत जाईल तसा खाली बुडतो. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसनने 1784 मध्ये याच्या वापरावर पुस्तक लिहिलं. प्रागच्या कार्ल बॉलिंगने 1843 मध्ये त्याची शेकडेवारीची मोजपट्टी बसवली. साखर कारखान्यात 'ब्रिक्स' हा शब्द तुम्ही ऐकला असेल, तो याच मोजपट्टीचा धाकटा भाऊ. बिअर 1.010 वर थांबायची होती आणि तुम्ही 1.016 असतानाच भरली, तर दांड्याच्या दर एका घरामागे सुमारे अर्धा लिटर जादा वायू. सहा घरांचे तीन लिटर. म्हणजे बाटलीतली साखर धरून एकूण वायू नेहमीच्या दुपटीहून जास्त. म्हणून जुना नियम असा की दांड्याचं माप लागोपाठ दोन-तीन दिवस हललं नाही तरच भरायचं.

आता मुंबईचा भाग. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या 'इंडिया पेल एल'बद्दल एक गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल: लंडनच्या बो भागातल्या हॉजसनने भारताच्या प्रवासासाठी म्हणून ही खास बिअर शोधून काढली, आणि टिकावी म्हणून ती जालीम कडक केली. गोष्ट छान आहे, म्हणून ती टिकली. पण या जातीची बिअर हॉजसनच्या आधीपासून होती आणि त्या काळच्या मानाने ती कडक नव्हती. तिचं खरं वैशिष्ट्य हॉप्स भरपूर आणि साखर जवळपास पूर्ण आंबवून टाकलेली, हे होतं. 1822 च्या सुमाराला बर्टनच्या ऑलसपने या बाजारात उडी घेतली तेव्हाही अशीच कोरडी बिअर जहाजावर चढत होती. चार-सहा महिन्यांच्या उष्ण प्रवासात पिंपातल्या यीस्टला खायला काही उरता कामा नये. मग मुंबईला उतरवून ती बाटल्यांत भरली तरी उसळण्याचा धोका कमी. दंतकथा 'कडकपणा' सांगते; पिंपाच्या दृष्टीने पाहिलं तर प्रश्न शिल्लक साखरेचा दिसतो. तुमच्या विषयातल्या लोकप्रिय गोष्टीही अशा एकदा वस्तूच्या बाजूने वाचून बघा.

हायड्रोमीटरने एक संशयित पकडून दिला. पण दांडा हलत नाही, भरताना साखर मोजून घातलीय, आणि तरी दोन महिन्यांनी सगळ्या बाटल्या उसळतात, असंही होतं. हे कोडं दांड्याने सुटणारं नव्हतं, कारण प्रश्न साखर किती यापेक्षा ती खातंय कोण हा होता. पाश्चरने 1876 मध्ये बिअरवरचा ग्रंथ लिहिला तो सूक्ष्मदर्शक हाताशी धरून. बिघडलेल्या बिअरमध्ये त्याला नको ते जीव दिसले. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल ख्रिस्तियान हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं आणि दाखवून दिलं की दुखणं आणणाऱ्यांत जंगली यीस्टही असतात, फक्त जिवाणू नव्हेत. 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेनने इंग्लिश बिअरमधून असं यीस्ट वेगळं केलं, की जे इतरांनी सोडलेलं अन्न महिनोन्‌महिने सावकाश खात बसतं. त्याने नाव ठेवलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. 1950 च्या दशकात आणखी एक जात ओळखीची झाली, जी स्वतःचं विकर सोडून साध्या यीस्टला न पचणारे पिष्टाचे तुकडेही साखरेत मोडते. आपल्याला वाटतं 1.010 म्हणजे शेवट. तिच्या लेखी तो मध्यंतर असतो.

हिला ओळखायचं कसं? उसळलेल्या बाटलीतली बिअर हलवून वायू घालवा आणि दांडा परत बुडवा. भरतानाच्या मापापेक्षा तो स्पष्ट खाली गेला, तर बाटलीत कुणीतरी न सांगता जेवलंय. लवंगेसारखा, दवाखान्यासारखा किंवा आंबट वास आला तर संशय पक्का.

आणि माप तेवढंच असलं तर? चव नेहमीची, वायूही नेहमीचा, तरी बूच काढताच फवारा? हा सगळ्यांत लबाड प्रकार. इथे वायू जास्त नसतो, तो बाहेर पडायची घाई करतो. पावसाने भिजलेल्या पिकात बार्लीवर फ्युझेरियम नावाची बुरशी चढते, तिच्या प्रथिनांपैकी काही पाण्याला दूर ठेवणारी असतात, आणि ती बिअरपर्यंत पोचली तर वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांना आवरण देऊन जिवंत ठेवतात. बूच उघडताच ते सगळे एकदम फुगतात. या प्रथिनांचा माग फिनलंडच्या संशोधकांनी 2000 नंतरच्या दशकात नीट लावला. म्हणजे दोष यीस्टचा नाही, साखरेचा नाही, भांड्याचाही नाही. तो शेतातल्या एका ओल्या हंगामाचा. बारीक गाळ, ऑक्झलेटचे स्फटिक हेही हेच काम करतात. न गाळलेला गूळ घालून केलेल्या पेयात गाळाची कमतरता नसतेच.

तापमानाला तर पुरावा म्हणून कुणी विचारातच घेत नाही. विल्यम हेन्रीने 1803 मध्ये दाखवलं की द्रवात किती वायू विरघळतो ते दाबावर ठरतं, आणि द्रव तापला की त्याची धारणा घटते हेही आपण जाणतो. तीच अडीच लिटर वायूची बिअर फ्रिजमध्ये 4 अंशांवर असताना आतला जादा दाब एक वातावरणाहूनही कमी असतो. 30 अंशांवर तो तिपटीच्या आसपास जातो. एप्रिलात आष्ट्याचा पारा चाळिशीकडे सरकतो. तेव्हा फडताळातली बाटली उघडून "फसफसते" अशी नोंद करणाऱ्याने ती किती तापमानाला उघडली हे लिहिलं नसेल, तर त्या नोंदीचा उपयोग जवळपास शून्य. संशयित बाटली आधी रात्रभर थंड करायची, जाड फडक्यात गुंडाळायची, तोंड दुसरीकडे करून बूच हळूहळू सैल करायचं. काच फुटण्याची भीती वाटली तर उघडण्याच्या फंदात पडायचंच नाही.

एवढं झाल्यावर आपल्याकडे वळते. घरी आंबवलेली आणि कायद्याने चालणारी एक बाटली मराठी घरांत पिढ्यानपिढ्या आहे: द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट. आसव-अरिष्टांत दारू वरून घालत नाहीत, ती आतच तयार होते. काढा किंवा पाणी, गूळ, मध, औषधांची भरड आणि धायटीची फुलं. ही धायटी सह्याद्रीच्या उतारांवर वाढते आणि आंबवणारं यीस्ट तिच्या फुलांबरोबर येतं असं मानलं जातं. बरणी तोंड बांधून धान्याच्या राशीत ठेवायची, म्हणजे ऊब सारखी राहते. पंधरवडा-महिन्याने बघायचं, झालं का?

झालं का, हे बघायचे तपास आयुर्वेद महाविद्यालयांत आजही शिकवतात. बरणीला कान लावायचा. आत सळसळ, चुरचुर ऐकू आली तर अजून चालू आहे. पेटती काडी तोंडाशी न्यायची. विझली तर वायू सुटतोय. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला आणि ती दुधाळ झाली, तरी तेच. यातला कान जुना. चुन्याची निवळी मात्र उघडच जोसेफ ब्लॅकच्या 1750 च्या दशकातल्या रसायनशास्त्राची पाहुणी. वैद्यकाच्या पाठात ती कधी शिरली आणि घरचीच होऊन गेली, हा एखाद्याच्या प्रबंधाचा विषय आहे. कुणी घेत असेल तर मला आनंदच होईल.

पण हे तिन्ही तपास नेमकं काय मोजतात? आत्ता वायू निघतोय का, एवढंच. साखर उरलीय का, हे त्यांना दिसत नाही. हायड्रोमीटरचं उलटं: किती साखर उरलीय त्याचा अंदाज तो देतो, पण ती कुणी खाणार आहे का ते सांगत नाही. बिअरमध्ये या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा एकत्र येतात, म्हणून फरक जाणवत नाही. आसवात तो जाणवतो, कारण तिथे साखर इतकी असते की यीस्ट दारूने आणि गोडीने दमून थांबतं, पोट भरून नव्हे. बरणी गप्प होते. गोडी तशीच. गाळून बाटल्या भरल्या, बुचं घट्ट लावली, आणि थंडी सरून ऊन तापलं की एखाद्या बाटलीतलं यीस्ट पुन्हा कामाला लागू शकतं.

किती साखर, हे काढायला गेलात की जुने ग्रंथ वाचण्यातली एक मजेशीर अडचण समोर येते. शार्ङ्गधर संहितेत, प्रमाण दिलेलं नसेल तेव्हाचा सर्वसाधारण नियम आहे: एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध, आणि दहावा हिस्सा वरची भरड. आजच्या रूढ रूपांतराने द्रोण म्हणजे 12.288 किलो आणि तुळा 4.8 किलो. सरळ मांडलं तर सव्वाबारा लिटर पाण्याला 7.2 किलो गूळ-मध. दोन्हींत मिळून ऐंशी टक्के साखर धरली तर मिश्रणात साखर जवळपास 30 टक्के. एवढ्या गोडीत रानटी यीस्टचा जीव घुसमटतो. बरंचसं तसंच उरणार. पण त्याच संहितेत दुसरीकडे मापांची परिभाषा आहे: प्रस्थापासून पुढची मापं द्रवांसाठी दुप्पट धरायची, तुळेला मात्र हे लागू नाही. म्हणजे पाणी 24.5 लिटर, गूळ तेवढाच. आता साखर सुमारे 18 टक्क्यांवर आली, आणि एवढी यीस्ट बऱ्यापैकी संपवू शकतं. एक ओळ वाचायची राहिली तर तुमच्या हातात कायम गोड, अर्धवट आंबलेलं, केव्हाही उसळू शकणारं आसव येतं. आणि मग तुम्ही लिहिता की "जुन्यांना प्रमाण कळत नव्हतं". संहिता वाचताना सूत्रस्थानातली किंवा सुरुवातीची परिभाषा वगळून थेट कृतीवर उडी मारणारे शोधनिबंध मी बरेच पाहिलेत.

या आसवांनी कायद्यालाही बराच घाम फोडला. 1949 चा दारूबंदी कायदा आला तेव्हा अल्कोहोल असलेली औषधंही त्याच्या जाळ्यात आली. बलसारा खटल्यात 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण औषधी आणि प्रसाधनांवरची बंदी अवाजवी म्हणून काढून टाकली. पुढे 1955 मध्ये औषधी व प्रसाधनांवरच्या अबकारी कराचा केंद्रीय कायदा झाला, आणि बाहेरून घातलेलं अल्कोहोल व आतच तयार झालेलं अल्कोहोल यांत फरक करणं सरकारी कामकाजाचा भाग बनलं. कागदांवर उमटलं ते अल्कोहोलचं माप. शिल्लक साखरेचं कुणी विचारलं नाही, कारण तिच्यावर कर नव्हता.

हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये 1880 पासून बिअरवरचा कर आंबवण्याआधीच्या गोडीवर, म्हणजे हायड्रोमीटरच्या मापावर बसू लागला. त्यामुळे तिथल्या बिअरवाल्यांच्या वह्यांत दर घाण्याचं माप सापडतं, आणि शंभर वर्षांनीही कोणती बिअर किती कोरडी होती ते सांगता येतं. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याखाली मोजलं काय जायचं? ताडी-शिंदीची झाडं, कारण झाडामागे कर; दुकानं, कारण त्यांचे मक्ते; आणि भट्टीतून निघालेल्या दारूची कडकी. घरातल्या बरणीत काय चाललंय ते मोजायची कुणाला गरजच नव्हती. बरणी कागदावर आली तर पोलिसांच्या हातून, गुन्हा म्हणून. आष्ट्याच्या नावापुढे अबकारीच्या कागदांत तुम्हाला फारसं काही मिळालं नाही, तर "इथे आंबवण होत नव्हतं" असं लिहायला धजू नका. कान लावून बरणी गप्प आहे म्हणण्यासारखंच ते.

आष्ट्यावर काम करणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. 1949 पर्यंत आष्टा सातारा जिल्ह्यात होतं. 1 ऑगस्ट 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा जुने कागद 'सांगली' म्हणून शोधाल तर हात हलवत परत याल. जवळची सांगली 1948 पर्यंत पटवर्धनांचं संस्थान, तिचं दप्तर वेगळं, अबकारीचा कारभारही वेगळा. अवघ्या वीसेक किलोमीटरमध्ये दोन राज्यं. सातारा जिल्ह्याचा 1885 चा गॅझेटियर सुरुवातीला वाचाच, पण तो कर गोळा करणाऱ्याच्या नजरेने लिहिलाय हे ध्यानात ठेवून.

बरणीच्या जवळ जायचं तर वैद्यांच्या घरच्या वह्या आणि गुळाच्या अडतीची खाती बघायला हवीत, आणि त्यासाठी मोडी यायला हवी. तिला पर्याय नाही. अशी एखादी वही हाती आली आणि तीत गूळ, मध, पाणी यांची मापं दिसली, तर लगेच बेरजेला बसू नका. पाण्याचं माप दुप्पट धरलंय की नाही ते आधी त्याच वहीतल्या दुसऱ्या कृतीशी ताडून पाहा. 'काकवी' आणि 'गूळ' हे शब्द वेगळे लिहिलेत का बघा, कारण काकवीत पाणी जास्त, साखर कमी. आणि बरणी कुठल्या महिन्यात बांधली व कुठल्या महिन्यात गाळली ते समासात लिहिलेलं असेल, तर बाकी सगळं सोडून ते आधी उतरवून घ्या. मार्गशीर्षात गप्प झालेली बरणी आणि चैत्रात गप्प झालेली बरणी या दोन वेगळ्या नोंदी आहेत.